आयझॅकच्या मागोमाग

जूनमधल्या बुधवारी सकाळपासूनच माझे पाय माझं ऐकत नाहीत. दुपारी दोनला मी बुटांच्या नाड्या बांधतो, तीनला सोडतो, चारला पुन्हा बांधतो. शर्यत असते संध्याकाळी सातला. "रेग, तू घरात असलास की खुर्च्या दमतात," असं म्हणून माझी बायको मार्जरी साडेपाचलाच मला दाराबाहेर काढते.

या बुधवारी मात्र पाय नुसते चुळबुळत नव्हते, घाबरलेही होते. कारण विनीबाई टायसन. कोल्डरिग डोंगराची आमच्या क्लबाची शर्यत एकोणीस वर्षं त्यांनीच भरवली. आता अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावर, एप्रिलच्या बैठकीत त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षीपासून कोण? चौदा माणसं आपापल्या बुटांकडे फार आस्थेने पाहू लागली. चार मिनिटं वाट बघून विनीबाई म्हणाल्या, "बरं. जूनच्या शर्यतीत क्लबातला जो सगळ्यात शेवटी येईल, तो." आणि कपबशा आवरायला गेल्या.

शर्यत भरवणाऱ्याला धावता येत नाही. हातात यादी घेऊन शेवटचा माणूस उतरेपर्यंत शेतात उभं राहायचं, एवढंच काम. आता मी स्वतःच्या लग्नातही उभा राहू शकलो नव्हतो. फोटोत मार्जरीशेजारी जो धूसर पट्टा दिसतो, तो मी.

चौदांतले बारा जण माझ्या पुढेच असतात. उरला डग्लस. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, एक गुडघा त्याचा, एक दवाखान्याचा. सुरुवातीच्या रेषेवर तो शेजारी येऊन उभा राहिला.

"रेग, तुला ती यादी फार शोभेल. अक्षर चांगलं आहे तुझं."

"तुझा आवाज मोठा आहे डग्लस. भोंग्याचा खर्च वाचेल."

"उभं राहायची सवय आहे का तुला?"

"तुझ्या पुढे धावायची आहे."

विनीबाईंनी आमच्या कमरेच्या पिशव्या उघडून पाहिल्या. पावसाळी कोट, शिट्टी, नकाशा, होकायंत्र. मग नेहमीची तंबी दिली: मध्येच सोडलीत तरी छातीवरचा नंबर इथे माझ्या हातात आणून द्यायचा. सगळे नंबर परत आल्याशिवाय मी घरी जात नाही, आणि एक जरी कमी पडला तर बचाव पथकाला उठवते. एवढं बोलून त्यांनी शिट्टी फुंकली.

चढाबद्दल काय सांगणार? नाक गुडघ्यापाशी, हात मांड्यांवर, आणि डोळ्यांसमोर पुढच्या माणसाचं बूड. अर्ध्यावर ढग खाली आला आणि बूडही दिसेनासं झालं. मागून डग्लसचा श्वास मात्र ऐकू येत होता, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. शिखरावर एका पोरीने माझा नंबर टिपून घेतला तेव्हा ती बिजागरी वीसेक पावलं मागे होती.

शिखरानंतर वाट ज्याची त्याने शोधायची, हा आमच्याकडचा नियम. अशा धुक्यात शहाणा माणूस होकायंत्र काढील. पण काढायचं म्हणजे थांबायचं, आणि वीस पावलं संपायची. तेवढ्यात समोरून आयझॅक डावीकडे उतरताना दिसला. आयझॅक कुठल्याच क्लबात नाही, पण शर्यतीत दरवर्षी उतरतो, आणि पन्नास वर्षं याच डोंगरावर मेंढ्या राखतो. तो इथे ढगातही दगड ओळखतो. मी त्याच्या मागे लागलो. जवळची वाट सापडली म्हणून मनातल्या मनात डग्लसचं अक्षरही सुधारून टाकलं.

आयझॅक ओढा ओलांडून गेला, मीही गेलो. तो एका भिंतीच्या कडेने वळला, मीही वळलो. उतार फार छान होता. त्याने एक फाटक उघडलं तेव्हा मला जरा शंका आली. त्याने बूट काढले तेव्हा खात्री पटली.

"तू इथे कुठे?" आयझॅक म्हणाला.

"शर्यत धावतोय."

"माझ्या अंगणात?"

"तुझ्या मागे आलो. तू कुठे चाललास?"

"घरी. कुत्री व्यायला आलीय आज. चढून मोकळा झालो, म्हटलं आता बघावं तिच्याकडे."

"कुणाला सांगितलंस का?"

"कुत्रीला माहीत आहे."

तेवढ्यात अंगणात बिजागरीचा आवाज आला. डग्लस कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे काय रे रेग?"

"तू का आलास इकडे?"

"तू आलास म्हणून. म्हटलं, याला काहीतरी ठाऊक दिसतंय."

"गाडीरस्त्याने शर्यतीचं शेत दीड मैलावर आहे," आयझॅक म्हणाला. "चहा घेता का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा न घेता सुटलो. अंगणाचं दुसरं फाटक रस्त्यावर उघडतं. तिथे मी आधी पोचलो. ते निळ्या दोरीने बांधलेलं होतं, आणि गाठ आयझॅकने बहुधा तरुणपणी मारलेली असावी. दातांनी सोडवली. फाटक हातभर उघडतंय तोच डग्लस माझ्या काखेखालून पलीकडे गेला.

"लाव रे नीट!" तो रस्त्यावरून ओरडला.

मागे बावीस मेंढ्या आणि त्यांची कोकरं माझ्याकडे आशेने पाहत होती. आयझॅकही पाहत होता. आमच्या खोऱ्यात माणसं घटस्फोट माफ करतात, उघडं फाटक नाही. मी गाठ मारली. आयझॅक म्हणाला, "दोनदा." मी दोनदा मारली.

दीड मैल मी डग्लसच्या पाठीकडे बघत धावलो. अंतर बरंच कमी केलं. विनीबाईंच्या टेबलापाशी ते अकरा पावलं उरलं होतं.

शेतात बाकी कुणी नव्हतं. केक संपला होता, ताटलीत चुरा होता. डग्लसने नंबर देऊन चुरा खायला घेतला. विनीबाईंनी माझं नाव शेवटच्या ओळीत लिहिलं आणि यादी, शिट्टी, शेताची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मला उभं राहायला जमणार नाही, विनीबाई," मी म्हणालो.

"मला तरी कुठे जमायचं? एकोणीस वर्षं बुधवारचा चहा गार प्यायले. कुणामुळे, ते विचारू नकोस." मग त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना शर्यतीच्या दिवशी बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. "मोज."

मी मोजले. एकसष्ट निघाले होते, साठ नंबर होते.

"आयझॅक," मी म्हणालो. "तो घरी आहे. आम्ही पाहिलाय त्याला."

"पाहिलंत ना दोघांनी? मग नंबर का नाही आणलात?"

डग्लस चुरा चघळत माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

"एक नंबर कमी," विनीबाई म्हणाल्या. "शर्यत भरवणारा आता काय करतो?"

मी यादी टेबलावर ठेवली, वर दगड ठेवला. पाय केव्हाच रस्त्याकडे वळले होते. दीड मैल जायचं, दीड मैल यायचं, आणि उजेड अजून तासभर तरी टिकणार होता.

"रेग," विनीबाई मागून म्हणाल्या, "फाटक."

"दोनदा," मी म्हणालो आणि सुटलो.