सुपारी फुटली, लगीन न्हाई

"सही झाली, पण कायदा झाला नाही," असं वकीलबाई म्हणाल्या तेव्हा मसाजीला वाटलं, आपले कानच म्हातारे झाले. त्यानं फेट्याची कड कानामागं सारली आणि म्हणाला, "पुन्यांदा सांगा, बाई."

विजयाबाई हिंगोलीच्या कोर्टात वकिली करत. त्यांच्यासमोर मसाजी, त्याची बायको चंद्रभागाबाई आणि लेक प्रभू असे तिघं बसले होते. प्रभूचे तळपाय अजून धड टेकत नव्हते. बाळापूरच्या बाजारातून कुणाच्या तरी बकऱ्या चोरीला गेल्या आणि संशयावरून ह्याला उचलून कोठडीत घातलं. बकऱ्या मालकाच्या मेहुण्याकडंच निघाल्या, तेव्हा कुठं सोडलं. मेंढरांमागं दिवसभर चालणारं पोरगं आता भिंत धरून परसाकडं जायचं. आत काय झालं ते त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं की तोंड फिरवायचा.

म्हणून तर मसाजीनं मोठ्या कायद्याचा आधार धरला होता. नरसीच्या शिकल्यासवरल्या सोमेश्वरनं त्याला समजावलं होतं की जगातल्या देशांनी मिळून करार केलाय, कोठडीत कुणाचा छळ करायचा नाही. आपल्या देशाची त्यावर सही आहे. आणि देशादेशांमधल्या कायद्याचा मान राखावा, असं आपल्या घटनेतच लिहिलंय. कोठडीत जखम झाली तर जाब पोलिसांनीच द्यायचा. हे ऐकून मसाजीचा जीव भांड्यात पडला. मग लेकराला तोंड उघडायची गरजच काय? साऱ्या दुनियेचा कायदा त्याच्या वतीनं बोलेल! गावभर सांगत फिरला होता तो.

"मामा, मान राखावा असं घटनेत आहे, ते खरं," विजयाबाई म्हणाल्या. "पण ते सरकारला घालून दिलेलं धोरण. नुसत्या तेवढ्यावर कोर्टात भांडता येत नाही. बाहेरचा असा करार घरात लागू करायचा तर संसदेनं कायदा करावा लागतो. ह्या कराराचा तसा कायदा झालेलाच नाही. जाब पोलिसांनी द्यावा, ही तर विधी आयोगाची नुसती शिफारस आहे."

"पण सही हाय ना?"

विजयाबाईंनी उलट विचारलं, "तुमच्यात सुपारी फुटली म्हणजे लग्न झालं का?"

"सुपारी फुटली की पोरगी त्या घरची! पोरगा मागं सरला तर सारा गाव तोंडावर थुंकतो."

"थुंकतो. पण नवरा म्हणून त्याला धरता येतं का?"

"तसं न्हाई धरता येत," मसाजी पुटपुटला.

"कवा फुटली म्हनं ही सुपारी?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"सत्त्याण्णव साली."

"अगं माय! तवा ह्यो पोटात बी नव्हता. ह्यो जन्मला, ह्याचं लगीन झालं, ह्याला लेकरू झालं, अन् सरकारची वरात अजून निघूनच राहिली व्हय?" ती हसली. मग तिनं पदर तोंडात धरला.

"मंग सही केलीच काहून?" मसाजीचा आवाज चढला. "आमी अंगठा उठवला तर जमीन जाती!"

विजयाबाईंनी वही पुढं ओढली. मग म्हणाल्या, "घरचा कायदा आहे, मामा. मारणं गुन्हाच आहे. जगण्याचा हक्क घटनेनं दिलाय, आणि त्याचा अर्थ लावताना न्यायाधीश बाहेरचे करारही बघतात. पण प्रभूला बोलावं लागेल. सगळं, स्वतःच्या तोंडानं."

"त्यो न्हाई बोलनार." मसाजी ताडकन उठला. "चला. केस न्हाई करायची आमाला."

प्रभू उठला नाही. फरशीकडं बघत म्हणाला, "पायाला मारलं ते कायबी न्हाई, बाई. बकऱ्या कुठं हायेत म्हून इचारायचे. म्या ठाव न्हाई म्हनलं, तर म्हनले, मंग तूच बकरी हो. चार पायावर चालवलं. ओरड म्हनले. थांबलो की मारायचे. नरडं बसंस्तोवर ओरडलो. एक जन मोबाईलात व्हिडिओ काढून राहिला होता, बाकीचे हसून राहिले होते. आता मेंढरांच्या वाड्यात बकरं ओरडलं तरी मला लघवी सुटती."

मसाजी मटकन खाली बसला. त्याला कुणाकडंच बघवेना.

चंद्रभागाबाईनं लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

"आनखी काय, लेकरा?" ती म्हणाली, आणि वकीलबाईंकडं वळली. "लिहा, बाई. त्यो बोलून राहिला तवर लिहा."