फळीवरचा पहारा

राजघराण्यातलं कोणी या उन्हाळी महालात मुक्कामाला आलं, की आमचे हे दिवाणखान्याबाहेरच्या पॅसेजमध्ये, खिडकीच्या जरा अलीकडे हात बांधून उभे राहतात. पाहुणे आत गेले की जागा सोडतात, बाहेर आले की पुन्हा तिथेच. बघणाऱ्याला वाटावं, काय ही अदब! अदब कसली डोंबलाची. यांच्या पायाखालची फळी कुजली आहे. वर गालिचा आहे म्हणून दिसत नाही, पण तिच्यावर नेमका पाय पडला तर माणूस थेट खालच्या कोठीत जायचा. खालच्या तुळईवर टाचा टेकवून तिथे कसं उभं राहायचं, ते फक्त यांना जमतं.

हे यांना माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. महालाची देखभाल आधी त्यांच्याकडे होती. ते म्हणायचे, मालक चार दिवस विसाव्याला येतात, त्यांच्या डोक्याला घराचा ताप कशाला? त्यामुळे मालक येणार म्हटलं, की वरच्या खोल्यांत गळतीखाली ठेवलेल्या बादल्या माझ्या स्वयंपाकघरात येतात. बुरशी धरलेल्या भिंतीपुढे मोठं कपाट सरकतं. कुबट वास जावा म्हणून खिडक्या उघड्या टाकायच्या. मालक गेले, की बादल्या पुन्हा जिन्याने वर. माझे गुडघे उगाच गेलेले नाहीत.

गेल्या महिन्यात निरोप आला. असे बरेच महाल आहेत, सगळे सांभाळणं आता झेपत नाही. काहींची दुरुस्ती करायची, बाकीच्यांना कुलूप. महाराजांच्या आई, राणीसाहेब, स्वतः बघायला येणार होत्या.

हे इथल्या स्वयंपाकघरातच जन्मले. दुसरं घर यांनी पाहिलेलं नाही. निरोप आल्यापासून मीठ कमी पडलंय की जास्त, हे सांगायचं यांनी बंद केलं. आमच्या घरात काळजीची याहून मोठी खूण नाही.

मी म्हटलं, "अहो, या खेपेला बादल्या राहू द्या वरच. बघू देत की त्यांना."

"अगं, घर बघायला येताहेत. नीटनेटकं दिसलं तरच ठेवतील ना?"

पटण्यासारखं होतं. मीही मुकाट्याने बादल्या खाली आणल्या.

राणीसाहेब आल्या त्या काठी टेकत, सोबत त्यांचे सचिव. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, पण वरच्या खोल्यांत पाण्याचा थेंब दिसेल तर शपथ. मी पहाटेपासून पुसत होते. सचिव खूश झाले. पॅसेजमध्ये, यांच्या अगदी समोर थांबून म्हणाले, "राणीसाहेब, बाकीकडे छतं गळताहेत, भिंती फुगल्यात. इथे काही करायलाच नको. कुलूप लावलं तरी या घराला धक्का लागणार नाही. कामाला तळ्याकाठचा महाल घेऊ. आणि या दोघांची सोय शहरात करून देऊ."

यांचे बांधलेले हात सुटले आणि खाली लोंबायला लागले. ते मला बघवेना. माझं डोकंच सटकलं.

"अहो, बाजूला व्हा."

हे ढिम्म.

"बहिरे झालात का? बाजूला व्हा म्हणते ना!" आणि राणीसाहेबांच्या देखत मी यांची बाही धरून ओढली.

राणीसाहेबांनी सचिवांना गालिचा उचलायला सांगितला. त्यांनी काठीचं टोक जेमतेम टेकवलं असेल, तेवढ्यात फळीचा ढलपा सुटून खाली कोठीत पडला. सचिव दोन पावलं मागे सरले. राणीसाहेब मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मी नवी सून म्हणून आले, तेव्हा इथे तुमचे वडील उभे असायचे," त्या यांना म्हणाल्या. "फळी करकरलेली मी तेव्हाच ऐकली होती. सासूबाई म्हणाल्या, बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल. इतकं जपतात बिचारे."

घ्या! म्हणजे आम्ही त्यांना त्रास नको म्हणून लपवत होतो, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते न दिसल्यासारखं करत होते. दोन घराण्यांच्या या भिडेपायी छप्पर सडलं. हसावं की रडावं ते मला कळेना.

"आता सगळं दाखवा," राणीसाहेब म्हणाल्या.

यांनी आधी मोठं कपाट सरकवलं, भिंत उघडी पडली, आणि मग हे थांबेचनात. वासे कुठे खचलेत, पाणी कुठून शिरतं, कोणत्या खोलीत झोपलं तर अंगावर गळतं, सगळं सांगितलं. मी ताठ मानेने पुढे चालत दारं उघडत होते.

"एवढं गळतं, तर बादल्या कुठे आहेत?" राणीसाहेबांनी विचारलं.

यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. मी भराभर पुढे गेले आणि दारात उभी राहिले.

"इथे काही नाही, राणीसाहेब. नुसता पसारा आहे."

बादल्यांचं काही नव्हतं. चुलीवरचं छत एका बांबूवर टेकवलेलं आहे. आमचं अंथरूण ज्या कोपऱ्यात असतं, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद बांधलाय. महालात वर्षानुवर्षं डागडुजी तरी झाली, इथे तीही कधी झाली नाही. हे परक्या माणसाने पाहावं, तेही राणीसाहेबांनी, मला नको होतं. माझे हात कधी बांधले गेले, माझं मलाच कळलं नाही.

"अगं," हे हळूच म्हणाले, "बाजूला हो."

मला रडू आलं. मी बाजूला झाले.

राणीसाहेब आत गेल्या. बांबूकडे आणि कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "तुम्ही इथे राहता?"

"इथेच जन्मलो," हे म्हणाले.

त्या माझ्या स्टुलावर बसल्या. वरून एक थेंब बादलीत पडला. सचिवांनी तळ्याकाठच्या महालाचं काहीतरी काढलं, तर त्या म्हणाल्या, "ते पुढच्या वर्षी बघू. सुतार आधी इथे पाठवा. काम या खोलीपासून सुरू करा."

यांचे हात लगेच पुन्हा बांधले गेले. "वरचं छप्पर आधी करा, राणीसाहेब. आमचं काय, आमचं चालतं."

राणीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही चालत," मी म्हणाले.