पिवळं पाणी

सकाळी बरोबर आठला मॅरेननं कलिना गाईच्या कुशीला प्रयोगांसाठी ठेवलेल्या भोकाचं रबरी बूच काढलं, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून हात कोटीपोटात, म्हणजे तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, घातला आणि दोनशे ग्रॅम खुणेचा भुसा आत खोल कालवला. आत ऊब, ओल आणि सावकाश हेलकावे. बाहेर कॅनडातल्या सस्कॅचवानचा जानेवारी, उणे अठ्ठावीस अंश. बूच बसवून तिनं वहीत वेळ लिहिली. आता चार दिवस ठरल्या वेळी शेण गोळा करायचं आणि त्यात भुशाला लावलेलं क्रोमियम कधी, किती उतरतंय ते मोजायचं; त्यावरून चारा पोटातून किती वेगानं पुढे सरकतो ते कळतं. हा शेवटचा टप्पा. हा झाला की प्रबंध पुरा.

आवराआवर करून रिकामी पिशवी टाकायला ती दाराशी आली, आणि उजेडात पिशवीच्या तळाला चिकटलेला भुसा तिला दिसला. तो हिरवट असायला हवा होता. हा नारिंगी होता.

तिनं पिशवी उलटी करून पुन्हा पाहिली. सगळाच नारिंगी.

खुणेचा भुसा करायचा म्हणजे तो आधी क्रोमियमच्या विषारी क्षारात भिजवून भाजायचा आणि शेवटी क जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवायचा. त्या पाण्यानं विष मरतं, भुसा हिरवा होतो. प्रयोगशाळेतल्या भट्टीत तयार ताट नेहमी वरच्या फळीवर असायचं, अर्धवट झालेलं खालच्या. पण काल संध्याकाळी तयार ताट दमट वाटलं म्हणून तिनंच ते खालच्या गरम फळीवर सरकवलं होतं आणि अर्धवट झालेलं वर ठेवलं होतं. आणि आज पहाटे अर्धवट झोपेत, तिथल्या मिणमिणत्या दिव्याखाली, हात सवयीनं वरच्या फळीकडे गेला.

गोठ्याचा कारभारी ओरेस्ट शेण ओढत होता. "काय गं पोरी, भूत बघितलंस?"

"ओरेस्ट, कॉफीचा कप द्या. कोरा. त्यात साधं पाणी."

चिमूटभर भुसा तिनं पाण्यात टाकला. दोघं वाकून बघत राहिले. भुशाभोवतून एक पिवळी रेघ सुटली, पसरली, आणि बघता बघता अख्खा कप हळदीच्या पाण्यासारखा झाला.

"हे आत गेलंय?" ओरेस्टचा आवाज उतरला. "पोरी, ती सहा महिन्यांची गाभण आहे."

"माहितीये मला!" ती ओरडली, आणि लगेच तिला रडू फुटलं.

तिनं प्रबंधाच्या मार्गदर्शक फेर मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं, पोट उपसू का विचारलं.

"मॅरेन, शांत हो," मॅडम म्हणाल्या. "पोट रिकामं केलंस तर या गाईचे आकडे गेले. पोटातले जंतू बरंचसं विष स्वतःच मारतात. कपातलं पाणी तपासून घे, तासाभरात कळेल."

"बरंचसं म्हणजे किती, मॅडम? तासाभरात दहावा हिस्सा पाणी पुढे गेलेलं असेल. मीच मोजलंय ते. तीन वेळा."



"मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस? हात घाल."

एवढी वर्षं मॅरेन त्या वेगाचा आकडा कौतुकानं सांगत आली होती. आज तोच आकडा मागे लागला होता. आठ वाजून बावीस मिनिटं. बूच काढलं. हिरवा, वाफाळता चोथा मुठीमुठीनं, मग दोन्ही हातांनी ती उपसत राहिली. ओरेस्ट पिंप सरकवत राहिला. एक पिंप. दुसरं. हात भरून आले. कलिना मान वळवून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काही तक्रार नव्हती, तेच मॅरेनला सोसवेना.

"पाणी राहू देऊ नकोस तळाला," ओरेस्ट म्हणाला. "खरवडून काढ."

तळाचं पाणी मगानं काढताना रिकाम्या पोटाच्या भिंतीपलीकडे तिच्या तळव्याला काहीतरी टणक लागलं आणि सरकलं. वासरू. ती तशीच थांबली.

"काय झालं?"

"पाय मारतंय."

"मग थांबलीस कशाला, बाई? उपस!"

कोमट पाण्यानं पोट दोनदा धुतलं. विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवलेली एक म्हातारी गाय होती, तिच्याही कुशीला असंच बूच. तिच्या पोटातला निम्मा चोथा काढून गरम गरम कलिनाच्या पोटात भरला. "म्हातारे, तुझे उपकार," ओरेस्ट तिला म्हणाला, "संध्याकाळी दुप्पट गवत घे." विषाची पिंपं झाकण लावून बाजूला ठेवली. गुरांचा डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेला.

"किती गेलं असेल पुढे?" ओरेस्टनं विचारलं.

"भुसा आत गेल्यापासून पोट रिकामं होईपर्यंत पाऊण तास. साडेसात टक्के. कदाचित जास्त." मॅरेननं हात पुसले. "ते कुणाला काढता येणार नाही."

मग नुसती वाट बघणं. कलिनाचे कान गार होते. गवताला तिनं तोंड लावलं नाही. दहा, अकरा, बारा. मॅरेन तिच्यासमोर उलट्या बादलीवर बसून राहिली. ओरेस्टनं आणलेलं सूप गार झालं, वर साय धरली. फेर मॅडमचे तीन फोन आले. तिनं एकही घेतला नाही.

दोनला कलिना आडवी झाली. मॅरेन ताडकन उठली.

"बस," ओरेस्ट हळूच म्हणाला. "पाय दुमडून बसलीये ती. पडली नाहीये."

पाच मिनिटं गेली. मग गाईच्या गळ्याखालून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि तिचा जबडा आडवा हलायला लागला. सावकाश. एकदा, दोनदा.

मॅरेन मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. रवंथ करताना धडधाकट गाय एक घास पन्नासहून जास्त वेळा चघळते; पन्नासाच्या आत थांबली तर काळजी. बत्तीस. तेहेतीस. चौतीस.