नोकरी वाढवण्याचा अर्ज

जयराम नानांच्या पंप-मोटारींच्या दुकानात 'बंद' हा शब्दच बंद होता. नाशिकभर संध्याकाळी दुकानं बंद करत नाहीत, 'वाढवतात' हो, पण नानांनी त्याचा अगदी कायदाच करून टाकलेला. मोटार जळली म्हणायचं नाही, 'थकली' म्हणायचं. बिलबुक संपलं म्हणायचं नाही, 'भरलं' म्हणायचं. आणि राजीनामा? तो शब्द कानावर आला की नाना कागद टराटरा फाडायचे. "असला अशुभ कागद माझ्या टेबलावर नको. चहा घे अन् कामाला लाग!" गेल्या वर्षी दुकानातला महेश दोनदा चहा पिऊन कामाला लागला होता.

दुकानाचे हिशेब बघणाऱ्या उज्वलाला मात्र चहा पिऊन चालणार नव्हतं. सटाण्यातल्या एका शाळेत तिला हेडक्लार्कची जागा मिळाली होती, आणि आई तिथे एकटी. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, तेही जुन्या मालकाचं पत्र घेऊन. पत्र नाही, तर नोकरी नाही. न सांगता पळून जावं, तर अकरा वर्षं नानांच्या घरच्या लग्नांत ती पंगतीत वाढत होती. छे! तिला ते जमणारच नव्हतं.

भाचीने, निकिताने मोबाइलवर बघून रीत सांगितली. महिनाभर आधी लेखी द्यायचं, आभार मानायचे, तक्रार करायची नाही, काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवायचं. उज्वलाने सगळं ऐकलं आणि गालातल्या गालात हसत अर्ज लिहिला. 'आपण फार सांभाळून घेतलंत. येत्या एकतीस तारखेला माझी नोकरी वाढवावी, ही नम्र विनंती.'

नाना खूश! "अगं, हे काय मागायचं असतं होय?" म्हणत त्यांनी 'मंजूर' लिहून झोकात सही ठोकली.

मग महिनाभर उज्वलाने काउंटरवरच्या राखीला सगळं शिकवलं. कोणतं गिऱ्हाईक गोड बोलून टोपी घालतं, तेसुद्धा. नानांना वाटलं, बाई हाताखालची माणसं तयार करतेय. भले!

एकतीस तारखेला संध्याकाळी ती पेढे घेऊन टेबलापुढे उभी राहिली. "नाना, तेवढं पत्र द्या. उद्यापासून मी सटाण्याला."

"डोकं फिरलं का तुझं? आत्ता तर नोकरी वाढवली तुझी!"

"हो ना. तुमच्याच सहीने."

नानांनी अर्ज दोनदा वाचला. कान लालबुंद झाले. "वाढवली म्हंजी वाढवली! पुढं चालू! मराठी कळत नाय व्हय?"

तेवढ्यात शटरपाशी उभ्या फिटर नवनाथने आवाज दिला. "नाना, साडेआठ झाले. दुकान वाढवू का?"

"वाढव की!"

"नाही, म्हणजे," नवनाथ अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला, "शटर खाली ओढू, का पुढं चालू?"

राखीने पेढ्याच्या खोक्यात तोंड खुपसलं. नाना नवनाथकडे बघत राहिले, मग उज्वलाकडे, मग स्वतःच्या सहीकडे. "लय चाबरी हायेस गं तू," ते शेवटी म्हणाले, आणि लेटरहेड पुढे ओढलं.

लिहिताना पुन्हा पंचाईत. "'नोकरी वाढवली' असंच लिहू ना?"

"नको हो नाना! ते लोक मला दारातूनच परत पाठवतील. सरळ 'सोडली' लिहा."

बराच वेळ पेन कागदावर नुसतं टेकून राहिलं. मग त्यांनी तो शब्द लिहिला, सावकाश, एकेक अक्षर करून. खाली आणखी एक ओळ स्वतःच्या मनाने घातली आणि कागद तिच्या हातात दिला.

उज्वलाने वाचलं. 'यांच्याशिवाय आमचं दुकान कसं चालेल, ते आम्हाला माहीत नाही.'

महिनाभराची सगळी मिजास उतरली. "नाना, असं कुणी लिहितं का? नवीन साहेबांना हे कसं दाखवू मी?"

"दाखव की," नाना चष्मा पुसत म्हणाले. "काय घेऊन चाललेत, ते कळू दे त्यांना."