शेपटीवाला सात

गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला ‘म्यूट’ म्हणायचे. उत्तर तिला यायचं, पण ते घशापर्यंत येऊन, बाहेर कोण कोण आहे ते बघून माघारी फिरायचं. मग शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीला ऐन वेळी उलट्या सुरू झाल्या, आणि ही जवळ उभी होती म्हणून हिच्या हातात माइक कोंबला गेला. त्या दिवशी तोंडाचं कुलूप जे उघडलं ते उघडलंच. किल्ली कुठे पडली कुणास ठाऊक. तेव्हापासून आई तिला ‘भोंगा’ म्हणते. आपणही तेच म्हणू, कारण तिला ते भारी आवडतं.

तर या भोंग्याने दर रविवारी सकाळी लोकांना फिरवायचा उद्योग सुरू केला. शहरातले लोक या उपनगराबद्दल म्हणायचे, “तिकडे काय आहे? नुसती झाडं!” झाडं होतीच. इतकी, की झाडणारा माणूस रस्त्याच्या एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा पाचोळ्यात बुडालेलं असायचं. पण भोंग्याला विचारा! बंद पडलेलं पंपघर, जिथे पाण्याच्या मीटरची काच फोडून नेचे बाहेर आलेत. बेकरीची मागची भिंत, जिला थंडीत पाठ टेकली की उठवत नाही. ती गटाराची जाळी, जिच्यावर टाळी वाजवली की खालून बेडूक उत्तर देतात. एका ढोलीतलं घुबड, झोपेतून उठवलेल्या बँक मॅनेजरसारखं बघणारं. पहिल्या रविवारी चार जण आले, त्यातले दोघे वाट चुकून. सहाव्या रविवारी अठरा.

सातव्या रविवारसाठी तिने हुकमाचा एक्का राखून ठेवला होता. इमारतीच्या फलकावर तिने लाल खडूने लिहिलं : ‘चार वर्षांपूर्वी गेलेला माणूस दर वर्षी येऊन लिहितो तो आकडा! फक्त येत्या रविवारी!’

तो माणूस म्हणजे तिचेच आजोबा, आईचे बाबा. नगरपालिकेत झाडांचे मोजणीदार होते. या उपनगरातल्या प्रत्येक खोडावर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर घातला तो त्यांनी. पत्र्याचे बिल्ले आले, तरी त्यांनी कधी झाडाला खिळा मारला नाही. आणि ब्रश लावण्याआधी बोटाच्या पेराने खोडावर दोनदा टकटक करायचे. लहानपणी भोंग्याने विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, “झोपलेल्या माणसाला आपण हाक न मारता हात लावतो का गं?”

पंपघराच्या मागच्या गल्लीत, अगदी शेवटी, एक पांढुरकं झाड होतं. नंबर दोनशे सतरा. उन्हाळा सरता सरता ते आपली साल टाकायचं, कागदासारखी, मोठमोठ्या पापुद्र्यांनी. सालीबरोबर नंबरही गळून पडायचा. आणि दर वर्षी, मोजणीच्या आधी, नव्या कोऱ्या खोडावर तोच नंबर पुन्हा यायचा. पिवळा. जवळजवळ त्याच वळणाचा. आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि नगरपालिकेत आता कुणाकडे ब्रशसुद्धा नव्हता. भोंग्याने हे शोधून काढलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, आणि काटा उतरायच्या आत तिने फलकासाठी खडू उचलला.

आईने तो फलक दुकान उघडताना वाचला. तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, दारावर पाटी : ‘उसवलेलं सगळं शिवून मिळेल’. गेल्या पंधरवड्यात ती स्टुलावरून पडली होती आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने बटणं लावत होती, आणि बटणं कुठेही लागत होती.

“तिथे लोकांना नेऊ नकोस,” शेवटी ती म्हणाली.

“का पण? आपलेच आजोबा आहेत. आपल्याला कशाची भीती?”

“भीती नाही गं बये. सगळंच काय चव्हाट्यावर मांडायचं असतं?”

“अठरा जण येणार आहेत, आई!”

“अठराचे एकोणीस झालेत,” दारातून आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई पडद्याला टीप मारून घ्यायला आल्या होत्या. “नवे मोजणीदार भेटले मला. पाण्याचा पाइप टाकायचाय ना पंपघराकडून? नंबर असलेली झाडं वगळून पाइप वळवणार, बिननंबराची सरळ पाडणार. मी म्हटलं, साहेब, आमच्या भोंग्याबरोबर रविवारी फिरा, एका फेरीत सगळी मोजून होतील. काय, छान केलं की नाही?”

आईच्या डाव्या हातातली सुई खाली पडली. ती कुणीच उचलली नाही.

शनिवारी दुपारी भोंगा एकटीच तालमीला गेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं तिला आधी म्हणून बघायचं होतं. पंपघर मागे पडलं तसे पक्षी गप्प झाले. ऊन होतं, पण गल्लीत ते हिरवं होऊन उतरत होतं, विहिरीच्या तळाशी असावं तसं. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. तिने खाली पाहिलं. साल. झाडाच्या बुंध्याभोवती सालीचे पापुद्रे पडले होते, आणि त्यातल्या एका पापुद्र्यावर पिवळा तुकडा होता, ‘१’ या आकड्याचा अर्धा. तिने मान वर केली.

खोड कोरं होतं. धुतलेल्या पाटीसारखं.

“आजोबा,” ती मोठ्याने म्हणाली, कारण आता ती सगळंच मोठ्याने म्हणायची, “उद्या आहे हं! उशीर करू नका!” आणि स्वतःच हसली. मग उगाच, गंमत म्हणून, तिने बोटाच्या पेराने खोडावर दोनदा वाजवलं. टक टक.

गल्लीत काहीच हललं नाही. ती वळली. चार पावलं चालली असेल.

टक टक.

सुतारपक्षी, तिने मनात म्हटलं. पण सुतारपक्षी दोनदाच वाजवून थांबत नाही. आणि आवाज वरून आला नव्हता. माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून आला होता, जिथे नंबर घालतात तिथून. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. ती जी सुटली ती बेकरीच्या भिंतीपाशी थांबली, आणि भर दुपारी, घामाने निथळत, त्या गरम भिंतीला पाठ लावून कुडकुडत उभी राहिली.

घरी आली तर दुकानाचं दार लोटलेलं. आई मशीनपाशी जमिनीवर बसली होती. समोर जुनं वर्तमानपत्र, डाव्या हातात रंगाचा ब्रश, पाण्यात बुडवलेला. वर्तमानपत्रावर ओले, वेडेवाकडे आकडे. दोन. एक. सात. पहिलीतल्या मुलाने काढावेत तसे. शेजारी पिवळ्या रंगाचा डबा.

भोंग्याने पाठीमागे दार लावून घेतलं.

“बस,” आई म्हणाली. “आता पाहिलंसच तर ऐक. बाबा त्या झाडापाशीच गेले. संध्याकाळी घरी आले नाहीत म्हणून मी शोधत गेले. खोडाला टेकून बसले होते. मांडीवर ब्रश. वर दोन आणि एक लिहिलेला. सात राहिला होता.” तिने ब्रश पाण्यात हलवला. “लोक यायच्या आधी सात मी काढला. काम अर्धं टाकून गेले असं कुणी म्हणायला नको. मग पुढच्या वर्षी पुन्हा साल पडली. मग काय करणार?”

“म्हणजे चारही वर्षं तू?”

“मग काय भूत? खिळा मारला असता तर एकदाच भागलं असतं. पण त्यांनी आयुष्यात मारला नाही, मी कशी मारू?”

भोंग्याला गल्लीतली टकटक आठवली. ती सांगणार होती. पण आईचा चेहरा पाहून तिने ती गिळली.

“मी लिहिते,” ती म्हणाली. “तू नुसती शेजारी उभी राहा. त्यांच्यासारखाच काढते.”

“तसाच नको काढूस. बाबांच्या साताला शेपटी असायची, खाली लांब ओढलेली, पालीसारखी. ती मी कधी काढली नाही. ती त्यांची.” मग आईने डबा उचलून हलवला. “पहाटे निघू. तुझी जत्रा जमायच्या आत.”

त्या रात्री भोंगा झोपली, पण झोपेतही ती काहीतरी मोजत होती.

उजाडता उजाडता दोघी निघाल्या. आईच्या पिशवीत डबा, ब्रश, डब्याचं झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर. गल्लीच्या तोंडाशी आईने भोंग्याचा हात धरला, म्हणजे खरं तर भोंग्याने आईचा.

झाडावर नंबर होता.

दोनशे सतरा. पिवळा, ओला. सकाळच्या त्या करड्या उजेडात तेवढाच रंग जागा होता. साताची शेपटी खाली, खाली ओढलेली, आणि तिच्या टोकाशी रंगाचा एक थेंब, अजून पडायचा असलेला.

आईने पिशवी खाली ठेवली. स्क्रूड्रायव्हरने डब्याचं झाकण उचकटलं, डाव्या हाताने, दोनदा हात घसरला तरी. आत रंगावर वर्षभराची जाड साय होती. कुठेही न फाटलेली.

“आई,” भोंगा म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक आला की तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. “काल दुपारी इथे कुणीतरी...”

“माहितीये,” आई म्हणाली. “मलाही ऐकू येतं. दर वर्षी. मला वाटायचं, माझ्याच मनात.” आणि ती झाडाकडे बघत, लहान मुलीसारखं ओठ मुडपून म्हणाली, “हात मोडला म्हणून कळलं वाटतं तुम्हाला.”

साडेसातला मंडळी आली. नेचे पाहून झाले, बेडकांनी टाळीला उत्तर दिलं, घुबडाने सगळ्यांना नापास केलं. भोंगा सगळं सांगत होती, पण अशी की मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, “घसा बसलाय का गं?” नवे मोजणीदार मागून येत होते. शांत, घामट गृहस्थ, खांद्याला पिशवी, प्रत्येक झाडापाशी वहीत टिपण. शेवटी सगळे पांढुरक्या झाडापाशी पोचले. तिथे आई आधीच उभी होती.

“हाच का तो भुताचा आकडा?” कुणीतरी खिदळलं. “चला, सुरू करा गोष्ट!”

मोजणीदारांनी बोट लावलं. बोट पिवळं झालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग आईच्या पायाशी असलेल्या डब्याकडे.

“ओला आहे,” ते म्हणाले. “हे चालत नाही, ताई. कुणीही यावं आणि झाडावर नंबर घालावा, असं नसतं. मी हे बिननंबराचं धरणार.”

एकोणीस माणसं भोंग्याकडे बघत होती. फलकावर तिनेच लिहिलं होतं. जिभेवर ती अख्खी गोष्ट तयार होती, टाळ्यांच्या जागांसकट. भूत म्हटलं तर हशा, आई म्हटलं तर झाड गेलं.

“कुणीही नाही घातला,” ती म्हणाली. ऐकायला लोक एक पाऊल पुढे सरकले. “मोजणीदारांनी घातलाय. तुमच्या जुन्या वहीत बघा. साताला शेपटी आहे का ते बघा.”

त्यांनी पिशवीतून जुनी, कडा झिजलेली, आजोबांच्या अक्षरातली नोंदवही काढली. पानं उलटली. वहीतला सात पाहिला, मग खोडावरचा. मग पुन्हा वहीतला. एका बोटाने त्यांनी हवेत ती शेपटी गिरवली.

“दोनशे सतरा,” त्यांनी वहीत टिपलं. “आहे.” मग घसा साफ करून म्हणाले, “पण ही साल पुन्हा पडणार, ताई. पाइपवाले पुढच्या वर्षीही येतील. बिल्ला ठोकून देतो. खिळा पुरता आत घालत नाही, झाडाला फुगायला जागा ठेवतो.”

हातोडी बाहेर आली.

“नाही!” भोंगा ओरडली. तोच तो भोंग्याचा आवाज. ढोलीतलं घुबडसुद्धा उडालं असेल. “आजोबांनी कधी खिळा मारला नाही! आणि बिल्ला लावला तर मग ते पुन्हा कशाला...” पुढचं तिला म्हणता आलं नाही. पुढचं तिला आत्ताच कळलं होतं.

आईने तिच्या पाठीवर प्लास्टरचा हात ठेवला. जड, गार.

“त्यांना खिळा आवडत नव्हता,” आई हळूच, फक्त तिला म्हणाली. “पण चार वर्षं झाली गं. किती दिवस ब्रश घेऊन उभं राहायचं माणसाने? त्यांची सुट्टी कधी होणार?”

ती खोडापाशी गेली. डाव्या हाताच्या पेराने दोनदा वाजवलं. टक टक.

“बाबा,” आई म्हणाली, “घरी जा आता.” मग बाजूला सरकली. “मारा, साहेब.”

तीन घाव बसले. चौथ्याची गरज लागली नाही.

झाड उभं राहिलं. पाइप वळसा घालून गेला. भोंग्याच्या रविवारी आता तीसतीस माणसं येतात, आणि दोनशे सतरा नंबरपाशी ती फक्त सालीबद्दल सांगते. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी साल पडली. मोजणीच्या सकाळी ती कुणाला न सांगता पहाटेच तिथे गेली. बिल्ला जागेवर होता. खाली खोड कोरं, पांढरं, गुळगुळीत.

तिने दोनदा वाजवलं आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. बेकरीतला पहिला धूर झाडांवरून गेला, झाडणाऱ्याचा खराटा लांब कुठेतरी सुरू झाला.

उत्तर आलं नाही. तिला हेच हवं होतं, आणि तरी तिने, जाता जाता, आणखी एकदा वाजवून पाहिलं.