बंद असल्याचं सोंग

मित्रांनो, कानामागे बसणारं एक जुनं यंत्र तुमच्याशी बोलतंय. माझ्या डबीवर 'श्रवणयंत्र' असं भारदस्त नाव छापलेलं होतं, पण घरात मला सगळे नुसतं 'मशीन' म्हणायचे. रंग करडा, आकार काजूच्या गरापेक्षा थोडा मोठा. पोटात बटणाएवढा सेल आणि त्यावर एक चिमुकलं दार. दार लावलं की मी सुरू, नखाने उघडलं की बंद. दुसरी कुठलीही कळ मला नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका भिंगाखाली माझे भाग जोडत होत्या. शेवटी एकीने मला कानाशी धरलं, टाळी वाजवली आणि म्हणाली, "हा ऐकतोय." माझ्याबद्दल कोणी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

मी ज्यांच्या वाट्याला आलो ते आजोबा उभं आयुष्य बॉयलरच्या कारखान्यात पत्र्यांवर रिवेटचे खिळे ठोकत आले होते. त्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले. ऐकू आलं नाही की ते हसून मान डोलवायचे. समोरच्याला वाटायचं, म्हातारा फार समजूतदार आहे.

मला त्यांच्या कानात बसवलं त्या दिवशी दवाखान्यात त्यांची सून आणि नात सोबत होत्या. डॉक्टर सुनेला म्हणाले, "यांना सांगा, झोपताना काढून ठेवायचं. यांना सवय व्हायला वेळ लागेल." आजोबा मधल्याच खुर्चीत होते. मी सुरू होतो, त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी डॉक्टर शेवटपर्यंत सुनेकडे बघूनच बोलले. आजोबांनी मान डोलावली. नात भिंतीला टेकून बघत होती.

या नातीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून. पाय असे भिरभिरते, पण जीभ मात्र अडकायची. 'प'वर तर फारच. अभ्यासात हुशार. वैद्यकीय प्रवेशाची लेखी परीक्षा ती सहज उत्तीर्ण झाली आणि दोन कॉलेजांतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे घरात काळजी शिरली.

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी तिला एक युक्ती शिकवली. "'पेशंट' म्हणू नकोस, 'रुग्ण' म्हण. 'प' टाळायचा. वाक्यं छोटी ठेवायची." भिंगरी मन लावून 'प' टाळायला लागली. पुस्तकाला ग्रंथ म्हणायची, पाण्यासाठी नुसता ग्लास पुढे करायची आणि पंखा हवा असला तर उकडत बसायची. आई मायेपोटी तिची वाक्यं पुरी करायची. त्याने भिंगरी आणखी गप्प होई.

एका दुपारी ती आजोबांच्या खोलीत आली. "आजोबा, मशीन बंद करता का? मला तुमच्यासमोर बो... बोलून बघायचंय. तुम्ही फक्त बघा."

"घे. आता मी ठार बहिरा," असं म्हणून आजोबांनी नख कानामागे नेलं आणि माझं दार उघडलं.

बंद असताना मला काहीच कळत नाही, त्यामुळे त्या पहिल्या तालमींबद्दल मी सांगू शकत नाही. पुढे एक दिवस आजोबांचं नख घसरलं. दार उघडलंच नाही. आजोबांच्या बोटांना ते कळलं नाही, भिंगरीला दिसायचा प्रश्नच नव्हता. ती बोलायला लागली आणि मी ते ऐकलं.

ती एकदाही अडकली नाही. पेशंट, प्रवेश, परिणाम, पोट, पाठ, सगळं सरळ वाहत होतं. आजोबा हलले नाहीत. ती गेल्यावर त्यांनी कानामागे चाचपून पाहिलं आणि माझं दार लागलेलं आहे याची खात्री केली.

दुसऱ्या दिवसापासून ते मला मुद्दाम सुरू ठेवू लागले. नख कानाशी न्यायचं, "बंद" म्हणायचं आणि ऐकत बसायचं. मी फक्त ऐकतो. बरं-वाईट ठरवणं माझ्याकडे नाही.

मग तो दिवस आला. भिंगरी स्वतःलाच प्रश्न विचारत होती. "तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय? कारण माझ्या आजोबांना मशीन बसवलं तेव्हा डॉक्टर त्यांच्याशी बोललेच नाहीत, आईशी बोलले. माझंही तसंच होतं. मी समोर असते आणि लोक आईला विचारतात, हिला काय हवंय? ज्याचं दुखतंय त्याच्याशी बोलणारी डॉक्टर मला व्हायचंय."

आजोबांना ते सोसलं नसावं. त्यांनी डोकं हातावर टेकलं. तळवा माझ्यावर आला आणि मी शिट्टी वाजवली. सुरू असलेलं मशीन हाताने झाकलं की ते शिट्टी मारतंच, त्याला माझा इलाज नाही.

भिंगरी थांबली. "मशीन सुरू आहे?"

आजोबांनी मान डोलावली. या वेळी ऐकून.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. अगं, पण तू एकदाही अडकली नाहीस! ऐकणाऱ्या माणसासमोर बोललीस तू!" त्यांना वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय.

"तुम्ही... तुम्ही प... प..." तिला पुढचं बोलता आलं नाही. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी सेलच काढून तिच्या हातावर ठेवला म्हणे. हे ते सुनेला सांगत होते तेव्हा मी ऐकलं. "सेल तिच्या मुठीत होता गं, तरी पहिल्याच शब्दाला अडकली, ओठांवरून दिसलं मला. माझ्यापुढे तेवढं बोलत होती, तेही मी घालवलं."

पहिल्या मुलाखतीला ती एकटी गेली. परत आल्यावर आईने विचारलं तेव्हा चपला काढता काढता म्हणाली, "त्यांनी विचारलं, डॉक्टर का? मी म्हणाले, सेवा. त्यांनी विचारलं, अजून काही? मी म्हणाले, नाही." काही दिवसांनी तिथून नकार आला.

नकार आला त्या संध्याकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती. आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"चुकलो मी. पहिल्या दिवशी नख घसरलं, तो अपघात. पुढे सगळी लबाडी."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "आणि ऐकू न येता मान डोलावता, ती? प... परवा औषधाच्या दुकानातल्या गलक्यात काही कळलं नाही, तरी मान डोलावलीत आणि खोकल्याऐवजी जुलाबाचं औषध घेऊन आलात."

"ते आपलं... सारखं काय विचारायचं लोकांना."

"मी अडखळते हे मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्ही सांगत नाही. उद्या दुकानात तुम्ही सांगायचं. मग मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी दुकानात रांग होती. आजोबांनी घसा खाकरला. "मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून सावकाश सांगा."

दुकानदार रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा ओरडला, "जेवणानंतर!" मी थरथरलो.

"ओरडू नका हो, मशीन आहे. सावकाश म्हणालो, मोठ्याने नाही."

रांगेत कोणीतरी हसलं. आजोबांचा कान गरम झालेला मला जाणवला, पण ते हलले नाहीत. मग भिंगरी पुढे झाली. "मी अडखळते. थोडं थांबा. मला प... प..." दुकानदाराने पावडरचा डबा काढला. "नाही. प... पट्टी." त्याने डबा परत ठेवला आणि पट्टी दिली.

मग दोघं रोज बाहेर पडू लागले. पट्टी, पावडर, पाव, पेन. घरात पट्ट्या इतक्या झाल्या की आईने विचारलं, "कोणी जखमी होणार आहे का?" भिंगरीचं अडकणं काही थांबलं नाही. अडकल्यावर पळ काढणं तेवढं थांबलं.

दुसऱ्या मुलाखतीला आजोबा सोबत गेले. बंद दारापलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. बाहेरच्या बाकावर आजोबांच्या पायांची चुळबुळ मात्र सारखी ऐकू येत होती. शेवटी ती बाहेर येऊन शेजारी बसली.

"आधीच सांगून टाकलं, अडखळते म्हणून."

"मग?"

"एक जण म्हणाले, अपघात विभागात, घाईच्या वेळी अडकलात तर?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, अडकेन. हात चालू राहतील."

आजोबा तिच्याकडे सरकले. "आणि डॉक्टर का, ते?"

"सगळं सांगितलं. मी 'पेशंट'च म्हणाले, 'रुग्ण' नाही. चांगलाच अडकला तो शब्द. एक बाई होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या."

निकालात तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं. कॉलेज सुरू व्हायच्या सुमारास एका सकाळी घरात आजोबा एकटेच असताना फोन वाजला. पलीकडचा माणूस भराभर बोलत होता, त्यात खरखर. आजोबांची मान डोलायला लागली, आणि थांबली.

"हे बघा, मला कमी ऐकू येतं. पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा. आणि सावकाश."

तिसऱ्या वेळी कळलं. कोणीतरी जागा सोडली होती. उद्या दुपारपर्यंत मुलगी हजर झाली नाही तर जागा पुढच्याला जाणार होती. आजोबांनी सगळं त्याला उलट म्हणून दाखवलं, त्याच्याकडून 'बरोबर' असं वदवून घेतलं, आणि चप्पल न घालताच भिंगरीला शोधायला रस्त्यावर धावले.

ती वेळेत पोचली. आज ती तिथेच शिकते आहे.

पुढे आजोबांना दोन्ही कानांची नवी मशीन मिळाली. ती माझ्यापेक्षा बारीक आहेत. मी डबीत पडून राहिलो. किती काळ, ते बंद असल्याने सांगता येत नाही. भिंगरीच्या कॉलेजच्या रुग्णालयात कानांच्या विभागात जुनी मशीन दुरुस्त करून गरजूंना देतात. तिने मला तिथे नेऊन दिलं. सध्या मी एका लाँड्रीत काम करणाऱ्या बाईंच्या कानामागे असतो. पहिल्या दिवशी घरी गेल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही गुणगुणता?"

"लग्न झाल्यापासून."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुला आवडत नसेल."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं मशीन खणात पडलेलं असेल, तर कोरड्या फडक्याने पुसून ते कानाच्या डॉक्टरांकडे पोचवा. खणात पडून आम्हाला काही त्रास होत नाही, तेव्हा माझी दया येऊ देऊ नका. पण कुठल्या तरी घरात कोणीतरी गुणगुणत असेल, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाने ते अजून ऐकलेलं नसेल.