लिनेटची शिडी

“बाबा, पुढच्या वर्षी लिनेटची शिडी वाळूतच लावणार का तू?”

प्रश्न रोवेनाचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं, पण प्रश्न तिच्या मैत्रिणींचा, ट्रिना आणि केंड्राचा. त्यांची शाळेची बस रोज तळ्याच्या काठाने जाते, आणि वसंत सुरू झाला की खिडकीतून दिसते ती माणसांची रांग. प्रत्येकाने आपापली घडीची शिडी कमरेएवढ्या पाण्यात रोवलेली, आणि जो तो आपल्या शिडीवर चढून गळ फेकतोय. बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, पाण्यात उभे राहून सगळे छत रंगवतायत, फक्त छत कुठे दिसत नाही. त्या रांगेपासून बरीच अलीकडे, किनाऱ्याला लागून, एक शिडी एकटीच उभी असते. रिकामी.

“ए रो, ती शिडी कंटाळून घरी निघालीय का गं?” ट्रिनाने काचेला नाक लावून विचारलं होतं. “दर वर्षी थोडी थोडी किनाऱ्याकडे सरकते.”

“शिडी नाही सरकत, येडे. तळं आटतंय,” केंड्रा म्हणाली. “पुढच्या वर्षी बघ, वाळूत उभी असेल. रोचे बाबा वाळूत गळ टाकतील, सरडे पकडतील.”

“विचार ना त्यांना. हिंमत आहे?” ट्रिनाने रोवेनाला डिवचलं.

“आहे.”

“नाहीये. विचारलं नाहीस तर सुट्टी लागेपर्यंत माझं दप्तर तू उचलायचं.”

मागच्या वर्षीची रोवेना असती तर तिने मुकाट दप्तर उचललं असतं. पण या हिवाळ्यात तिच्यात काहीतरी फरक पडला होता. थोरल्या बहिणीची, लिनेटची, जुनी गळाची काठी तिने पडवीतून काढली, टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल गोंडा बांधला, आणि शाळेनंतर घरामागच्या सेजच्या झुडपांत एक टायर टाकून त्यात गोंडा फेकायला ती आपली आपणच शिकली. आधी गोंडा झुडपात, कुत्र्याच्या पाठीवर, एकदा तर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत. मग एका संध्याकाळी दोरी डोक्यावरून मागे गेली, हवेत छान लांब उलगडली आणि पुढे येऊन गोंडा टायरच्या मधोमध बसला. तेव्हापासून रोवेना वर्गात हात वर करायला लागली, मोठ्याने हसायला लागली, आणि गणिताच्या बाईंना “हे उत्तर चुकलंय तुमचं” असं सांगून मोकळीही झाली.

तर जेवायच्या टेबलावर तिने विचारलं. हरणाच्या मटणाचा रस्सा होता, आईने गरम गरम तळलेले पाव ठेवले होते. बाबांचा, म्हणजे एल्डनचा, पाव रस्स्यात बुडालेला तसाच राहिला.

“शिडी जिथे लागते तिथेच लागणार,” तो म्हणाला. पाव मऊ होऊन तुटला, वाटीत पडला. तो उठून बाहेर गेला. वारा बघायला, असं म्हणायची पद्धत आहे घरात.

आई, म्हणजे वर्ना, म्हणाली, “झालं समाधान?”

“मी फक्त विचारलं.”

“फक्त विचारलं म्हणे,” वर्ना म्हणाली, आणि पावाच्या ताटावर फडकं झाकलं. ती मत्स्यबीज केंद्रात काम करते. वसंतात दिवसभर ट्राउटच्या माद्यांच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची. कितीही हात धुतले तरी तिच्या अंगाला तळ्याचा वास असतो. “तुझ्या बापाला तेवढं एक सोडून काहीही विचार, रो.”

का, ते रोवेनाला ठाऊक होतं. ती बारा वर्षांची असताना, लिनेटने पोर्टलंडला जायचं ठरवलं त्या संध्याकाळी, ती याच टेबलाशी बसली होती. लिनेट म्हणजे तळ्यावरची सगळ्यात लांब फेक. एल्डन बाहेरून येणाऱ्या लोकांना मासेमारीला नेतो, ते लोक त्याला पैसे देऊन लिनेटकडे बघत बसायचे. पुढे वाटाड्याचं काम तीच करणार, हे इतकं ठरलेलं की कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. आवाज चढले. लिनेट म्हणाली, आयुष्यभर शिडीवर उभी राहणार नाही मी. आणि बाबा म्हणाला, “जा. पण तू गेलीस तर तुझी शिडी पुन्हा पाण्यात लागणार नाही.”

ती गेली. पुढच्या वसंतात एल्डनने पिकअपमध्ये शिड्या चढवल्या. दोन.

तेव्हापासून रोज तसंच. आधी लिनेटची शिडी लावायची, मग स्वतःची. स्वतःची तो पाणी बघून लावतो. पाण्याखाली वाळूचा कडा आहे, तिथे तळ एकदम खोल जातो, आणि अंडी घालायला आलेले मोठे ट्राउट त्या कड्याकडेने फिरतात. शिडी हवी ती कड्याच्या अलीकडे. डोंगरावर बर्फ कमी पडलं, नदी वरच्या धरणाने अडवली, की तळं उतरतं. पाणी उतरलं की सगळी रांग थोडी आत सरकते. “तळं बसून राहत नाही, तुम्ही कशाला बसता?” असं तो पाहुण्यांना ऐकवतो आणि त्यांच्या शिड्या हलवायला लावतो. लिनेटची शिडी मात्र तो पाणी बघून लावत नाही. काठावरच्या खडकाचा पांढरा ओरखडा आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की तिथे. चार वसंतांपूर्वी ती जिथे उभी होती तिथे, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

या चार वसंतांत रोवेनाला दुसरं काही नको होतं, बाबाच्या शेजारी तेवढी एक जागा हवी होती. मागायचं कसं? जागा रिकामी असती तर मागता आली असती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. उजाडताच ती लिनेटची काठी घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसली. एल्डनने काठीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, गाडी सुरू केली.

“थंडी आहे.”

“माहितीये.”

“पाहुणा आहे आज.”

“असू दे की. मी काय त्याला खाणारे?”

पाहुणा कॅलिफोर्नियाचा, बदामाच्या बागा असलेला एक म्हातारा, डोक्यावर गुलाबी टोपी. भला माणूस, पण शिडी नवी घेतलेली आणि डुगडुगणारी. वारा उठला होता, लाटांवर फेस होता. मासे मिळायचे तर असाच वारा हवा, पण डुगडुगत्या शिडीवर नव्हे. म्हाताऱ्याने अलीकडे उभ्या असलेल्या शिडीकडे बोट केलं.

“एल्डन, ती रिकामीच आहे ना? घेऊ का मी?”

“रिकामी नाही,” एल्डन म्हणाला. “माणूस आहे तिच्यावर.”

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून पाहिलं. “मला तर कुणी दिसत नाही.”

“यायचीय अजून.”

म्हातारा हसणार होता. एल्डनच्या तोंडाकडे पाहून हसला नाही. आपल्या डुगडुगत्या शिडीवर निमूट चढला.

रोवेना किनाऱ्यावर उभी होती, छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारीत. तीही लिनेटचीच, पायांत जरा मोठी. तिने शिडीकडे पाहिलं. लाट आली की पाणी दुसऱ्या पायरीला लागायचं, लाट परतली की पहिली पायरीसुद्धा उघडी पडायची, खाली ओली वाळू चमकायची. मैत्रिणींचा प्रश्न तिने काल नुसता पोचवला होता. आत्ता तो तिला कळला. पुढच्या वसंतात खडकाचा ओरखडा तिथेच असेल, डोंगराची खाच तिथेच असेल. पाणी तिथे नसेल. आणि बाबा रोज पहाटे इमानेइतबारे शिडी आणून कोरड्या वाळूत उभी करेल. तुझी शिडी पुन्हा पाण्यात लागणार नाही! तो शब्द खोटा पाडायला तो रोज धडपडतोय, आणि बोटसुद्धा न हलवता तोच शब्द खरा होणार.

ती पाण्यात शिरली. शिडी वाळूत रुतली होती, दोनदा हिसका द्यावा लागला. मग ती खांद्यावर घेऊन रोवेना निघाली, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. पाणी इतकं गार की तोंडातून आपोआप “आई आई आई” निघायला लागलं. समोरून लाट आली, तिने तोंड फिरवलं, तळ्याचं मचूळ पाणी तरी नाकात गेलंच. एल्डनच्या डाव्या हाताला तिने शिडी टेकवली.

“परत ठेव,” तो म्हणाला. मान वळवली नाही.

“नाही.”

“रो.”

“बाबा, तू तिला म्हणाला होतास, पाण्यात लागणार नाही म्हणून. पुढच्या वर्षी खरंच लागणार नाही. तू जिथे लावतोस तिथे पाणीच नसणार.”

वाऱ्याने तिचे अर्धे शब्द पलीकडे नेले. अर्धे पोचले असावेत. एल्डन दोरी हळूहळू ओढून घेत राहिला, अगदी शेवटपर्यंत, जणू त्या दोरीला काही लागलंय. गुलाबी टोपीवाल्या म्हाताऱ्याने मोठ्या सभ्यपणाने उजवीकडचे पक्षी बघायला सुरुवात केली.

“एक पाऊल मागे घे,” शेवटी एल्डन म्हणाला.

“काय?”

“शिडी. ऐन कड्यावर ठेवलीस. वाळू खचेल, मग तुला मासे पकडतील.”

तिने शिडी एक पाऊल मागे घेतली. चढली. वर लिनेटची बैठक होती, मोडक्या होडीची फळी बाबाने स्क्रू मारून बसवलेली. डाव्या दांड्यावर नखांच्या पॉलिशचा जांभळा ठिपका अजून होता. रोवेनाने त्याच्यावर अंगठा ठेवला, मग पहिली फेक केली. गळाला आमिष म्हणून बांधलेली पिसांची काळी माशी सरळ येऊन तिच्याच टोपीत रुतली.

“टोपी चांगली लागलीय,” एल्डन म्हणाला. “सोडून दे, लहान आहे.”

चार वर्षांत बाबा पहिल्यांदा तळ्यावर विनोद करत होता. ती इतकी हसली की शिडी हलली.

मग जमलं. टायर नव्हता, पण दोरी तशीच उलगडली आणि माशी कड्यापलीकडे जाऊन पडली. बुडू द्यायचं. हळू ओढायचं, थांबायचं, हळू ओढायचं. अशा वेळी माणूस काय करणार, आजूबाजूला बघतो. पलीकडच्या काठावर दगडाची आई बसली होती. मुलं भांडून निघून गेली म्हणून रडत राहिली आणि रडता रडता दगड झाली ती आई. तिच्याच आसवांचं हे तळं झालं, असं इथे प्रत्येक पोराला पाळण्यातच सांगतात. ट्रिना म्हणायची, तुझ्या बापाचाही एक दिवस दगड होणार बघ, शेजारी शेजारी बसतील दोघं. डावीकडे पेलिकन लाटांवर झुलत होते. उजवीकडे बाबाचा चेहरा, कानाजवळ पांढरे झालेले केस, वाऱ्याने पाणावलेला डोळा. हे सगळं लिनेट रोज पाहायची. इथूनच, याच उंचीवरून. रोवेनाला वाटलं होतं, एकदा ही जागा मिळाली की झालं. आणि आता मिळाली, तर लिनेट नाही ही गोष्ट घरातल्यापेक्षा इथे कितीतरी मोठी वाटत होती. घरात तिची खोली होती, खोलीचं दार लावता यायचं.

दोरीला झटका बसला.

झटका कसला, कुणीतरी काठीच मागितली. काठी वाकली, चरखी करकरली, बोटांमधून दोरी सुसाट पळाली. पाण्याखाली काहीतरी लांब आणि तांबूस फिरलं. म्हातारा ओरडला, “अरे बापरे, केवढा आहे!” एल्डन शिडीवरून उडी मारून पाण्यात उतरला होता, हातात जाळं.

“काठी वर! वर धर, लिन, वर!”

रोवेनाने ऐकलं. क्षणभरच तिचे हात सैल पडले. मासा तेवढ्या क्षणाची वाटच बघत होता. काठी सरळ झाली. दोरी लाटेवर पसरून पडली.

“गेला,” ती म्हणाली.

“गेला.”

एल्डन कमरेपर्यंत पाण्यात तसाच उभा राहिला, रिकामं जाळं धरून. आपण काय हाक मारली ते त्याला कळलं होतं. त्याने तोंड फिरवलं आणि जाळं धुवायला लागला. जाळ्याला काहीही लागलेलं नव्हतं.

दुपारी वर्ना पाळी संपवून डबा घेऊन आली. गाडीतून उतरताच तिचे डोळे सवयीने त्या जुन्या जागेकडे गेले. तिथे नुसती ओली वाळू आणि लाटांचा फेस. ती गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. मग तिला पाण्यात, बाबाच्या शेजारी, शिडी दिसली. शिडीवर मुलगी दिसली. कुठली, हे समजायला तिला थोडा वेळ लागला, असं रोवेनाला वाटलं.

म्हातारा आपल्या गाडीत सँडविच खायला गेला. तिघं पिकअपच्या मागच्या फळीवर बसली. वर्नाने सगळ्यांना पाव दिले. एल्डन आपल्या भिजलेल्या बाह्या पिळत होता.

रोवेनाने पावाचा मोठा घास घेतला. घरी दर शनिवारी संध्याकाळी लिनेटचा फोन येतो. आई बोलते, बाबा टीव्हीसमोर बसून राहतो आणि टीव्हीचा आवाज हळूच बारीक करतो. विचारलंच तर म्हणतो, जाहिराती चालल्यात.

तिने घास गिळला.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्यापासून लिनेटची शिडी मी लावणार. पाणी असेल तिथे. बाबा, ओरखडा नाही, खाच नाही, काही नाही. आणि आज फोन मी घेणार. आई, तू नंतर बोल. बाबा, तुला टीव्ही बारीक करायची गरज नाही, मी मोठ्यानेच बोलणार आहे. सांगणार आहे तिला, शिडी पाण्यात आहे, अगदी बरोब्बर जागेवर, आणि तिच्यावर मी बसलेय, आणि मी काही उठणार नाही. हवी असेल तर ये, नि ढकल मला पाण्यात.”